रंगाच्या थराखालची सही

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत पोटगीचा कायदा आहे, रेशन आहे, आरोग्य आहे, आणि त्यांच्या मधोमध जुन्या चित्रांच्या जतनाचा हा विषय आहे. तो वाचून काही जणींना नवल वाटलं असेल. चारशे वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी काढलेलं चित्र, ते साफ करायची पद्धत, त्याच्याशी आपला काय संबंध? मी जतनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझं उत्तर असं, की आपण आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी भांडतो तीच इथेही आहे. काम कुणी केलं आणि नाव कुणाचं लागलं, हा तो प्रश्न. शेतात राबते ती, सातबारा त्याच्या नावावर. चित्रांच्या जगातही हेच झालं. फरक एवढाच, की तिथं काही वेळा रंगाच्या थराखाली पुरावा शिल्लक राहिला आहे आणि तो वाचता येतो.

आधी एक गोष्ट सांगते. हॉलंडमध्ये हार्लेम नावाचं शहर आहे. तिथे १६०९ मध्ये युडिथ लेयस्टर जन्मली. तिचे वडील बिअर गाळण्याचा धंदा करत. त्या कारखान्याचं नाव 'लेयस्टर', म्हणजे वाट दाखवणारा तारा, ध्रुवतारा. तेच कुटुंबाचं आडनाव झालं. ही मुलगी चित्रं काढू लागली. ती एकोणीस वर्षांची असताना, १६२८ मध्ये, हार्लेम शहरावरच्या एका छापील ग्रंथात तिच्या नावाचा उल्लेख आला. १६३३ मध्ये ती चित्रकारांच्या गिल्डची सभासद झाली. गिल्ड म्हणजे कारागिरांची संघटना. तिचं सभासदत्व असल्याशिवाय स्वतःची कार्यशाळा काढता येत नसे, शिष्य ठेवता येत नसत. युडिथनं दोन्ही केलं. तिच्याकडे मुलगे शिकायला होते.

त्याच शहरात फ्रान्स हाल्स हा फार नावाजलेला चित्रकार होता. १६३५ मध्ये युडिथचा एक शिष्य तिला सोडून हाल्सकडे गेला. हा नियमाचा भंग होता. तिनं गिल्डकडे तक्रार केली आणि हाल्सला दंड भरावा लागला. शिष्याची नोंद वेळेवर न केल्याबद्दल तिलाही दंड झाला, हेही सांगायला हवं. पण मुद्दा लक्षात घ्या. शहरातल्या सर्वांत मोठ्या चित्रकाराविरुद्ध एक तरुण बाई दाद मागते आणि तिची दाद ऐकली जाते. म्हणजे तिच्या काळात ती कुणी अज्ञात बाई नव्हती. धंद्यातली माणसं तिला ओळखत होती.

१६३६ मध्ये तिनं यान मोलेनार या चित्रकाराशी लग्न केलं. लग्नानंतरची तिची चित्रं फार थोडी सापडतात. मुलं झाली, घर होतं, नवऱ्याच्या धंद्याचा व्यवहार होता. हे सगळं तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १६६० मध्ये ती वारली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घरातल्या सामानाची यादी झाली, तेव्हा तिच्या चित्रांपुढे 'मोलेनारची बायको' अशा तऱ्हेच्या नोंदी झाल्या. गिल्डच्या दप्तरात तिला स्वतःचं नाव होतं. घरातल्या यादीत ते कुणाची तरी बायको एवढंच उरलं.

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं युडिथ लेयस्टर जणू झालीच नव्हती. तिची चित्रं मात्र कुठे गेली नव्हती. ती लोकांच्या भिंतींवर होती, बाजारात विकली जात होती. फक्त काही चित्रं हाल्सची म्हणून, काही तिच्या नवऱ्याची म्हणून.

आता १८९३ सालात येऊ. लंडनमध्ये एक चित्र हाल्सचं म्हणून ४,५०० पौंडांना विकलं गेलं होतं. चित्रात एक पुरुष व्हायोलिन वाजवतो आहे आणि शेजारी एक बाई हातात पेला घेऊन बसली आहे. बारकाईनं पाहिल्यावर हाल्सच्या म्हणून दाखवल्या गेलेल्या सहीखाली वेगळीच खूण निघाली. 'जे' आणि 'एल' ही अक्षरं एकात एक गुंफलेली आणि बाजूला एक तारा. आडनावाचा अर्थच तारा, म्हणून ती आपल्या नावाची खूण अशी करत असे. होफस्टेडे द ग्रूट या डच अभ्यासकानं ती खूण तिची आहे हे ओळखलं आणि त्याच वर्षी तिची सात चित्रं तिच्या नावावर लावून दाखवली. आज ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

पण तेव्हा काय झालं? एक समर्थ चित्रकार सापडली म्हणून आनंद झाला? नाही. व्यापारी कोर्टात गेले. हाल्सचं म्हणून घेतलेलं चित्र हाल्सचं निघालं नाही, म्हणून किंमत कमी करून तडजोड झाली. चित्र तेच, रंग तेच, कालपर्यंत ज्याची वाहवा होत होती तोच तो व्हायोलिन वाजवणारा माणूस. बाईचं नाव लागताच भाव उतरला. हे कसं घडतं, ते समान वेतनासाठी झगडणाऱ्या बायांना चांगलं ठाऊक आहे.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत युडिथचं एक आत्मचित्र आहे, साधारण १६३० चं. हेही फार काळ हाल्सचं समजलं जात होतं. म्हणजे बाईनं स्वतःचा चेहरा स्वतः रंगवला आणि त्याचंही श्रेय शेजारच्या पुरुषाला गेलं! चित्रात ती चित्रफलकासमोर बसली आहे, हातात मूठभर कुंचले आहेत, आणि काम थांबवून आपल्याकडे वळून हसते आहे. फलकावर एक हसरा व्हायोलिनवाला अर्धवट रंगवलेला आहे. या चित्राची इन्फ्रारेड किरणांनी तपासणी केली, तेव्हा त्या व्हायोलिनवाल्याच्या खाली एका बाईचा चेहरा दिसला, बहुधा तिचाच. म्हणजे आधी तिनं स्वतःचं चित्र काढणारी स्वतः, असं चित्र योजलं होतं. मग विचार बदलला आणि ज्या तऱ्हेच्या चित्रांसाठी ती ओळखली जात होती, त्यातलं एक फलकावर ठेवलं. जणू ती सांगते आहे, ही मी आणि हे माझं काम. नक्कल करणारा असा विचार बदलत नाही, तो समोर आहे ते उतरवतो. चित्र रचणाराच असा बदल करतो. म्हणून थराखालचे हे बदल फार मोलाचे असतात.

आता ही तपासणी कशी होते ते थोडं सांगते. त्यात जादू काही नाही आणि ते समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

जुनं तैलचित्र म्हणजे एकावर एक थर असतात. खाली लाकडाची फळी किंवा कॅनव्हास. त्यावर अस्तराचा थर. त्यावर चित्रकारानं केलेलं कच्चं रेखाटन. मग रंगाचे थर आणि सगळ्यात वर वार्निश. वार्निश काही वर्षांनी पिवळं पडतं, काळवंडतं. मग मालक कुणाला तरी बोलावून ते पुसून घेतो, नवं लावतो. कुठे रंग उडाला असेल तर तिथे नवा रंग भरला जातो. तीन-चारशे वर्षांत हे अनेकदा झालेलं असतं. म्हणून आपल्यापुढे जे चित्र असतं त्यात मूळ हात किती आणि नंतरचे हात किती, हे पहिल्यांदा वेगळं करावं लागतं.

पहिली पायरी डोळ्यांची. भिंग आणि सूक्ष्मदर्शक घेऊन पाहायचं. सहीच घ्या. जुन्या रंगाला काळानं बारीक भेगा पडतात. सही चित्राबरोबर केलेली असेल तर भेग सहीलाही चिरत जाते. सहीचा रंग भेगेत उतरलेला असेल, किंवा सही वार्निशच्या वर बसलेली असेल, तर ती नंतरची. भाव वाढवण्यासाठी अशा सह्या सर्रास केल्या गेल्या आहेत.

दुसरी पायरी अतिनील प्रकाशाची. अंधाऱ्या खोलीत हा प्रकाश चित्रावर टाकला की जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेले रंग काळ्या डागांसारखे दिसतात. कुठे कुठे ठिगळं आहेत ते समोर येतं.

तिसरी पायरी क्ष-किरणांची. डॉक्टर हाडाचा फोटो काढतात तसाच. जुने चित्रकार शिसं असलेला पांढरा रंग वापरत. शिशातून क्ष-किरण सहज जात नाहीत. त्यामुळे पांढरा रंग कुठे, कसा, किती जाड लावला ते दिसतं. आधी हात वेगळीकडे होता, मान दुसरीकडे वळलेली होती, असे बदलही दिसतात. इन्फ्रारेड किरण रंगाच्या थरांतून आत जातात आणि कोळशासारख्या काळ्या रंगाचं खालचं रेखाटन दाखवतात.

चौथी पायरी साहित्याची. ओकची फळी असेल तर तिच्या कडेवरची झाडाची वर्तुळं मोजतात. त्यावरून झाड कोणत्या वर्षापूर्वी तोडलेलं असूच शकत नाही ते कळतं. समजा चित्रकार १६३० मध्ये वारला आणि फळीचं झाड १६४० मध्ये उभं होतं, तर वाद संपला. कॅनव्हासचे उभे-आडवे धागे मोजतात. कधी दोन चित्रांचं कापड एकाच ताग्यातलं निघतं. रंगांचंही तसंच. प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. सतराव्या शतकातलं म्हणून सांगितलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला, तर ती तारीख खोटी. टायटॅनियमचा पांढरा रंग तर विसाव्या शतकातला. यासाठी टाचणीच्या टोकाहून लहान कण काढला तरी पुरतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यंत्र कधीही चित्रकाराचं नाव सांगत नाही. चित्र केव्हाचं आहे, कशानं काढलं आहे, कुठे बदललं आहे, एवढंच ते सांगतं. अमुक माणसानं काढलेलं असू शकत नाही, हे ते बरेचदा ठामपणे सांगतं. अमुक बाईनंच काढलं, हे म्हणायला आणखी दोन आधार लागतात. एक दप्तराचा. त्यात जुन्या याद्या, पत्रं, पावत्या, गिल्डची नोंदवही असं सगळं येतं. दुसरा सरावलेल्या डोळ्याचा, जो त्या चित्रकाराची इतर चित्रं शेजारी ठेवून पाहतो. तिन्ही जुळले की निर्णय पक्का होतो.

आता सोफोनिस्बा आंगुइसोलाची गोष्ट. ती इटलीतल्या क्रेमोनाची. १५५९ मध्ये तिला स्पेनच्या दरबारात राणी इसाबेलची सखी म्हणून बोलावलं. तिनं राणीला चित्रकला शिकवली, राजघराण्यातल्या माणसांची व्यक्तिचित्रं काढली. पण तिचा दर्जा दरबारी चित्रकाराचा नव्हता, सरदारघराण्यातल्या सखीचा होता. म्हणून चित्राचा मोबदला नाही, भेटवस्तू आणि वर्षासन. आणि चित्रावर सहीही नाही. लहान वयात माहेरी काढलेल्या चित्रांवर तिच्या ठसठशीत सह्या आहेत. दरबारात गेल्यावर सही गेली. मग साहजिकच तिची चित्रं दरबारातल्या पुरुष चित्रकारांच्या नावावर चढली.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात राजा दुसरा फिलिप याचं प्रसिद्ध चित्र आहे. काळे कपडे, हातात जपमाळ. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून ते जगभर गेलं आहे. ते कधी सांचेझ कोएल्योचं, कधी पंतोहा दे ला क्रूझचं म्हणून ओळखलं जाई. क्ष-किरणांत दिसलं की आत एक आधीची मांडणी आहे. त्यात जपमाळ नाही, हाताची ठेवण वेगळी आहे. चित्र १५६५ मध्ये काढलं आणि १५७३ मध्ये पुढच्या राणीच्या चित्राशी जोडी जमावी म्हणून बदललं, असं आता मानलं जातं. अभ्यासकांनी दरबाराचे कागद तपासले, रंग लावण्याची तऱ्हा तिच्या इतर चित्रांशी ताडून पाहिली. आज प्रादोत त्या चित्रापुढे सोफोनिस्बाचं नाव आहे. २०१९ मध्ये त्याच संग्रहालयानं तिचं आणि लाविनिया फोंताना हिचं मिळून मोठं प्रदर्शन भरवलं.

नुसत्या डोळ्यावर विसंबलं तर काय होतं, याचं एक उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. १८०१ मधलं एका तरुण मुलीचं चित्र. ती खिडकीजवळ बसून चित्र काढते आहे. १९१७ मध्ये ते संग्रहालयाला मिळालं तेव्हा दाविद या फ्रेंच चित्रकाराचं म्हणून मिळालं आणि थोर कलाकृती म्हणून गाजलं. पुढे १८०१ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनाचं एक रेखाटन उजेडात आलं. त्यात हे चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. दाविदनं तर त्या वर्षी प्रदर्शनात भागच घेतला नव्हता. १९५१ मध्ये ते कॉन्स्तान्स शार्पांतिए या चित्रकर्तीचं असावं असं मत मांडलं गेलं. लगेच त्याच चित्रात शरीररचनेचे दोष दिसू लागले, बायकी नाजूकपणा दिसू लागला! १९९६ मध्ये ते मारी-दनीज व्हिलेर हिचं असल्याचं दाखवून देण्यात आलं आणि आज संग्रहालय तिचंच नाव लावतं. इथे निकाल प्रयोगशाळेनं दिला नाही, कागदानं दिला. पण जाणकार म्हणवणाऱ्यांच्या डोळ्यांवर कसला चष्मा असतो ते चांगलं उघड झालं.

जतनाचं काम नेहमी स्त्रियांच्या बाजूनं झालं, असंही समजू नका. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात युडिथचंच एक चित्र आहे. दोन पुरुष दारू पिऊन मजा करताहेत असं ते दिसे. १९९३ मध्ये ते साफ केलं तेव्हा दोघांच्या मध्ये एक हाडांचा सापळा निघाला, हातात वाळूचं घड्याळ आणि कवटी घेतलेला. वेळ संपत आली आहे, असं बजावणारं ते चित्र होतं. कुणीतरी त्या सापळ्यावर रंग फासून त्याचं नुसतं मौजेचं चित्र करून टाकलं होतं. घरात टांगायला असं चित्र बरं! म्हणजे बाईचं नावच पुसलं जातं असं नाही, तिचं म्हणणंही गुळगुळीत केलं जातं. आपल्या निवेदनांचं वर्तमानपत्रात काय होतं, आठवा.

आणि कधी कधी चित्राची पाठ बोलते. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात बायबलमधल्या सुझानाचं एक चित्र होतं. दोन म्हातारे तिला स्नानाच्या वेळी गाठून छळतात, ती कथा. चित्र काळवंडलेलं, वर रंगाची पुटं, कुठल्याशा फ्रेंच पद्धतीचं म्हणून कोठारात पडलेलं. साफ करताना कॅनव्हासच्या मागे राजा पहिला चार्ल्स याच्या संग्रहाचा शिक्का सापडला. जुन्या याद्यांशी मेळ बसला आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ते आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिचं आहे. आर्तेमिसियानं तरुणपणी स्वतःवरच्या बलात्काराचा खटला सोसला होता, भर कोर्टात. तिनं रंगवलेली छळ सोसणारी बाई शंभराहून अधिक वर्षं चुकीच्या नावाखाली कोठारात होती.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, घाई नको. एखादं चित्र बाईनं काढलं असावं असं आपल्याला वाटतं, एवढ्यानं ते तिचं होत नाही. 'हा नाजूक हात बाईचाच' असं म्हणणं म्हणजे तोच जुना चष्मा उलटा घालणं. पुरावा कच्चा असेल तर विरोधक तो एका वाक्यात उडवतील आणि त्या बाईचं नाव पुन्हा पन्नास वर्षं मागे जाईल. बलात्काराच्या खटल्यात आपण पंचनाम्यासाठी जितक्या आग्रही असतो, तितकंच इथेही असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, दप्तर राखणं हे दुय्यम काम नाही. युडिथ परत मिळाली ती तिनं तारा रेखला होता म्हणून आणि कुणीतरी गिल्डची वही जपली होती म्हणून. आपल्या चळवळीत पोस्टरं होतात, गाणी होतात, पथनाट्यं होतात. बरेचदा आपण त्यावर मुद्दाम नाव घालत नाही, कारण ते सगळ्यांचं आहे असं मानतो. ही भूमिका मला मान्य आहे. पण सगळ्यांचं असणं वेगळं आणि कुणाचंच नसणं वेगळं. पोस्टरच्या दर्शनी बाजूवर संघटनेचं नाव असू दे. मागच्या बाजूला मात्र पेन्सिलीनं लिहून ठेवा की कुणी कुणी काढलं, कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या मोर्चासाठी. शाई फुटते, बॉलपेन कागदाला वळ पाडतं, पेन्सिल टिकते. पोस्टरं गुंडाळून रबरबँड लावू नका. सपाट ठेवा, मध्ये साधा स्वच्छ कागद घाला, ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवा. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत कागद खातो.

तिसरी गोष्ट, घरात पाहा. आजीनं केलेलं भरतकाम, मावशीनं काढलेलं चित्र, आईनं भरलेली हिशेबाची वही. 'घरातल्या बायकांनी केलेलं' असं त्याचं वर्णन करू नका. कोणत्या बाईनं, तिचं नाव काय, माहेरचं काय, सासरचं काय, विचारा आणि लिहून ठेवा. विचारायला त्या बायका आहेत तोवरच हे होणार आहे. नंतर कितीही मोठी प्रयोगशाळा असली तरी टाक्यातून नाव निघत नाही.

संग्रहालयातल्या पाटीवर एक नाव बदलल्यानं कुणाच्या चुलीत काही पडत नाही, हे मला कळतं. पण 'बायकांनी असं काही मोठं केल्याचं दाखवा' असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं आहे. ते केलेलं होतं, भिंतीवर टांगलेलं होतं, लोक पैसे मोजून घेत होते. फक्त खाली सही दुसऱ्याची होती. पुढच्या वेळी कुणी ते वाक्य ऐकवलं, तर त्या ताऱ्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

आता तुमच्या प्रश्नांना सुरुवात करू. आणि कुणी जुनी पोस्टरं बरोबर आणली असतील तर जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरू या. कोणतं कुणी काढलं ते आजच लिहून होईल.